श्वास मोजणारे मणी

विषय दिलाय 'आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डिजिटल तंत्रज्ञान'. संयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, आमची पीएच.डी. तत्त्वज्ञानातली, आमचा मोबाईलसुद्धा नातू लावून देतो. ते म्हणाले, सर, म्हणूनच तुम्हाला बोलावतोय. तेव्हा यंत्राच्या पोटात काय चालतं हे आज आमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. आम्ही इतिहास सांगणार आहोत. तो फार जुना नाही आणि फार लांबचाही नाही. बराचसा तिरोड्यापासून दक्षिणेला दीड-दोनशे किलोमीटरवर घडलेला आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी त्या भागात लहान मुलं दगावण्याचं एक मोठं कारण होतं न्यूमोनिया. आता न्यूमोनिया ओळखायचा कसा? डॉक्टर छातीला नळी लावतो, एक्स-रे काढतो. ती नळी १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरानं शोधली, एक्स-रे १८९५ मध्ये रोंटगेननं. पण गडचिरोलीच्या गावात नळी नव्हती, एक्स-रे नव्हता, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरच नव्हता. मग १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीमधल्या संशोधनातून एक साधी गोष्ट पुढं आली. खोकला झालेल्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजा. ठरावीक आकड्याच्या वर गेला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, त्याहून मोठ्या मुलाला पन्नास.

झालं, प्रश्न सुटला असं वाटेल. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत यायचं. हातात घड्याळ नाही. मग काय केलं? एका छोट्या पाटीवर एक मिनिटाची वाळूची घडी बसवली आणि खाली मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. तान्ह्या बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्या मुलाच्या ओळीत पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, की न्यूमोनिया. सुईणीच्या पिशवीत गोळ्या किंवा पातळ औषध असायचं, ते तिथंच सुरू.

मंडळी, आज ज्याला आपण 'अल्गोरिदम' म्हणतो, तो हाच. पायऱ्या ठरलेल्या, आकडा ठरलेला, निष्कर्ष ठरलेला. वीज नाही, इंटरनेट नाही. बरं, हा काही नुसता हौसेचा प्रयोग नव्हता. ५८ गावांत हे काम केलं, शेजारच्या ४४ गावांत केलं नाही आणि दोन्हींकडचे मृत्यू मोजले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. निम्म्याहूनही कमी! पुढं याच धाटणीनं गावातल्या स्त्रियांनी नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. तो अभ्यास १९९९ च्या डिसेंबरात छापून आला आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर त्याच वाटेनं सुरू झाल्या. आपल्या तालुक्यातली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेते ना, त्यामागं ही सगळी गोष्ट आहे.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवू. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाचा एक संगणकीय कार्यक्रम तयार झाला. रक्तातला जंतुसंसर्ग कोणत्या जंतूचा आणि त्यावर कोणतं प्रतिजैविक द्यायचं, हे तो सांगायचा. त्यात शेकडो नियम भरलेले. १९७९ साली त्याची परीक्षा घेतली तर तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या बरोबरीनं उतरला. आणि तरीही तो रोजच्या उपचारात कधीच वापरला गेला नाही. एवढं श्रीमंत विद्यापीठ, एवढी हुशारी, आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत तो पोचलाच नाही. इकडं मण्यांची पाटी मात्र झोपडीत पोचली.

आम्ही या दोन गोष्टींवर बरेच दिवस विचार करतोय. मणी का चालले? आम्हाला वाटतं, पहिलं कारण असं की निदान करणाऱ्या बाईला ते निदान *का* झालं हे समजत होतं. लाल मणी का लाल आहे, हे ती बाळाच्या आईलाही दाखवू शकत होती. दुसरं, निदान आणि औषध एकाच पिशवीत होतं. नुसतं 'तुमच्या मुलाला न्यूमोनिया आहे, जिल्ह्याला न्या' असं सांगून ती मोकळी होत नव्हती. तिसरं, तिचं चुकलं तर गाव तिला विचारणार होतं. ती उद्या त्याच विहिरीवर पाण्याला जाणार होती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना 'माहिती' आणि 'ज्ञान' यांतला फरक शिकवताना पुस्तकी उदाहरणं देत बसायचो. हे उदाहरण तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

असो. आता अलीकडं येऊ. कागदाची रजिस्टरं संगणकात जायला लागून पंधरा-वीस वर्षं झाली. क्षयरोग्यांची नोंद ठेवणारी 'निक्षय' प्रणाली २०१२ ची. 'ई-संजीवनी' २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि कोरोनात घराघरांत माहीत झाली. १५ ऑगस्ट २०२० ला डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली, २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झालं आणि आपल्यातल्या अनेकांकडं आता १४ आकडी 'आभा' क्रमांक आहे. या सगळ्याची भरणी कोण करतं? बहुतेक वेळा आशाताई आणि नर्सताई. वहीत एकदा, मोबाईलमध्ये एकदा. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मानधनाइतकाच हा ऑनलाइन कामाचा प्रश्न त्यांच्या बोलण्यात होता. ज्या बाईनं बाळाकडं बघायचं, ती जर स्क्रीनकडं बघत बसली तर आपण मण्यांच्या मागं गेलो की पुढं, हे तुम्हीच सांगा.

आमच्यावर बेतलेला एक प्रसंग सांगतो. नाव घेणार नाही, एका शहरातलं रुग्णालय होतं. छोट्या शस्त्रक्रियेसाठी गेलो तर तिथल्या संगणकानं सांगितलं की आम्हाला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन चालू आहे. आम्ही म्हटलं, नाही हो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय. आमच्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांची नोंद आमच्यात मिसळली होती. ती दुरुस्त करायचा अधिकार त्या मुलीला नव्हता, डॉक्टरांना नव्हता, ज्याला होता तो सुटीवर होता. चार तास आम्ही 'आम्ही आम्हीच आहोत' हे सिद्ध करत होतो. हसू नका, तत्त्वज्ञानात हा फार जुना प्रश्न आहे! पण विचार करा. आम्ही प्राध्यापक, भांडू शकलो. मजुरीला आलेली एखादी म्हातारी असती तर? तिनं 'सिस्टिममध्ये आहे म्हणजे असंल बा' म्हणून मान हलवली असती, आणि एखाद्यानं तिला इन्सुलिन टोचलंही असतं.

आता आपल्या भागाचा खरा विषय, सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, तो आजार. १९१० साली शिकागोत हेरिक यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्याकडं १९५२ मध्ये निलगिरीत सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या लोकांबद्दल लिहिलं. म्हणजे पासष्टहून जास्त वर्षं झाली, हा आजार आपल्या दारात आहे हे शास्त्राला माहीत आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. तपासणी झाली पाहिजे, यात आम्हाला शंका नाही. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता मूल आजारी निघण्याची असते. हे लग्नाआधी कळलेलं बरंच.

पण 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे. वाहक माणूस बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. हे आम्हाला, तुम्हाला कळतं. सोयरिकीच्या बैठकीत कळतं का? तिथं मुलीच्या नावापुढं 'सिकल' एवढा शब्द आला की पोहे तसेच राहतात. मुलाचं कार्ड कोणी मागत नाही, हेही आपण जाणतो. आतापर्यंत कार्ड कागदाचं होतं, ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ठेवता यायचं. आता नोंद डिजिटल. सरकार म्हणतं, रुग्णाच्या संमतीशिवाय कोणी ती बघणार नाही. तत्त्व उत्तम आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण मंडळी, ती संमती येते कशी? मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल कोणाचा? बापाचा, भावाचा, नवऱ्याचा. मुलीच्या रक्ताची संमती घरातला पुरुष देणार. आम्हाला विचाराल तर सिकलसेलच्या नोंदीतला सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे. यंत्र किती अचूक आहे, तो प्रश्न नंतरचा.

आणि अचूकतेचं म्हणाल तर तिथंही एक मेख आहे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका संगणकप्रणालीचा अभ्यास आला. कोणत्या रुग्णाला जास्तीच्या देखभालीची गरज आहे, हे ती प्रणाली ठरवायची. तिनं गरज मोजली कशावरून? आधी दवाखान्यावर किती खर्च झाला यावरून. काळ्या लोकांवर कमी खर्च होत होता, म्हणून यंत्राला ते कमी आजारी वाटले. चूक दुरुस्त केली तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता, त्याला मनच नव्हतं. त्यानं फक्त जुना हिशेब पुढं चालवला. आता हे आपल्याकडं लावून पाहा. रोवणीच्या दिवसांत कोणती बाई दवाखान्यात जाते? दिवसाची मजुरी बुडते, बांधीतला चिखल वाट बघत नाही. ताप अंगावर काढते. तिच्या नावावर ना भेट, ना तपासणी, ना खर्च. उद्या एखादं यंत्र या नोंदी वाचून सांगेल की अमक्या गावच्या बाया जून-जुलैत फार निरोगी असतात.

याचा अर्थ आम्ही यंत्राच्या विरुद्ध आहोत असा कृपा करून घेऊ नका. क्षयरोगाचंच बघा. छातीचा एक्स-रे संगणकानं वाचावा, याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, पंधरा वर्षांच्या वरच्यांसाठी. त्यातलं एक सॉफ्टवेअर तर मुंबईतल्या कंपनीचं आहे. हातात धरता येणारं एक्स-रे यंत्र घेऊन गावात जायचं, संगणक संशयित छाती निवडून देतो, मग थुंकीची तपासणी करून क्षय पक्का करायचा. जिथं एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही तिथं हे वरदान आहे. का? तर संगणकाचा शब्द इथं शेवटचा नाही, पुढं थुंकीची तपासणी आहे, आणि निदान झालं तर औषध सरकारकडून फुकट मिळतं. मण्यांच्या पाटीची आठवण येते की नाही? मात्र पंधरा वर्षांखालचं पोर या मान्यतेत नाही, हे ध्यानात ठेवा. मणी होते ते पोरांसाठीच.

आणखी एक बारीक गोष्ट. बोलून लक्षणं सांगा, यंत्र ऐकेल, असे कार्यक्रम आता येताहेत. यंत्र शिकलंय पुस्तकातली मराठी. आपली झाडीबोली 'ण' म्हणतच नाही, पाण्याला 'पानी' म्हणते. आजीनं 'जीव घाबरा होतो, हातपाय गरून जातात' म्हटलं तर यंत्र काय लिहील? नर्सताईला ते कळतं, कारण तिची आजीही तसंच बोलायची. म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की तिरोड्यात असं काही येणार असेल तर ते आणणाऱ्यांना इथल्या लोकांनी आधी चार गोष्टी विचाराव्यात. चुकीची नोंद दुरुस्त करायचा अधिकार गावात कोणाला? निदान झाल्यावर औषध कुठं, किती किलोमीटरवर? ओटीपी कोणाच्या फोनवर? आणि मृत्यू कमी झाले की नाही, हे कोण मोजणार? गडचिरोलीत शेवटचं काम आधी केलं होतं.

वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. मागच्या रांगेत दोन-तीन आशाताई बसल्या आहेत आणि त्यातल्या एक मघापासून हात वर करताहेत. आमचं पुष्कळ झालं. माईक जरा तिकडं द्या.