डॉक्टरांचं घर आणि दवाखाना: नॉमिनी, वारस आणि कर यांचं गणित काय?

राहतं घर आणि दवाखान्याचा गाळा, दोन्ही डॉक्टरांच्या एकट्याच्या नावावर. सोसायटीत नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव दिलंय, म्हणजे पुढची काळजी मिटली, असा अनेक कुटुंबांचा समज असतो. कायद्याच्या नजरेत मात्र घर, गाळा आणि व्यवसाय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे नियमही वेगळे आहेत.

नॉमिनी मालक होतो का?

नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, सदस्याच्या मृत्यूनंतर नॉमिनीला सोसायटीचं तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. कायदेशीर वारसाचं नाव लागेपर्यंतच ते टिकतं. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

मृत्युपत्र नसेल तर?

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. पत्नी, दोन मुलं आणि आई हयात असतील, तर प्रत्येकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. मग संपूर्ण गाळा विकायचा तर चौघांच्याही सह्या लागतात. एकजण अडून बसला की व्यवहार थांबतो.

हे टाळण्यासाठी मृत्युपत्र करता येतं. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार शक्यतो हिस्सा न मिळणारे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत दवाखान्याला मिळते का?

महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना घर बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत निवासी आणि शेतजमिनीपुरतीच आहे. दवाखान्याच्या व्यावसायिक गाळ्यावर बाजारमूल्याच्या टक्केवारीने शुल्क भरावं लागतं. शिवाय मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर कर लागतो का?

मिळताना नाही. भारतातील संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झालं. कर लागतो तो विकताना. तेव्हा मूळ किंमत म्हणून मालमत्ता वारसाला मिळाली त्या दिवशीचा भाव धरत नाहीत. आधीच्या मालकाने मोजलेली किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या तारखेचं बाजारमूल्य घेता येतं. म्हणून वडिलांचं जुनं खरेदीखत, शुल्काच्या पावत्या आणि मोठ्या दुरुस्तीची बिलं जपून ठेवावीत.

दवाखान्याच्या गाळ्याचं काय?

इथे अनेक डॉक्टर फसतात. स्वतःच्या गाळ्यात व्यवसाय करताना त्या इमारतीवर दरवर्षी घसारा मिळतो आणि कर वाचतो. पण डॉक्टरांनी तोच गाळा विकला, तर वीस वर्षांनंतरही त्यातला नफा अल्पकालीन मानला जातो. राहत्या घराचा नफा दोन वर्षांनंतर दीर्घकालीन धरला जातो. एकाच दिवशी घेतलेल्या दोन जागांचा हिशोब असा वेगळा होतो.

व्यवसाय वारसाला मिळतो का?

जागा, उपकरणं आणि येणं बाकी वारसांना मिळते. वैद्यकीय परिषदेची नोंदणी मात्र व्यक्तिगत असते. वारस डॉक्टर नसेल, तर तो गाळा दुसऱ्या डॉक्टरला भाड्याने देऊ शकतो. घरमालमत्तेच्या भाड्यातून नगरपालिकेचा कर वजा केल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दिवंगत डॉक्टरांचं त्या वर्षाचं विवरणपत्रही वारसानेच भरायचं असतं. थकीत कराची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

थोडक्यात, नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि खरेदीची कागदपत्रं या तिन्हींचा मेळ हवा. दोन जागांपैकी कोणती कोणाला, हे मृत्युपत्रात स्वतंत्रपणे लिहावं. त्याआधी वकील आणि सीए या दोघांचाही सल्ला घ्यावा.