मी आणि मीपणा : एका शब्दाची तीस वर्षे

मराठीत 'मी' आणि 'मीपणा' हे शब्द एकाच घरात जन्मलेले असले, तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. 'मी' हे निव्वळ सर्वनाम. 'मीपणा' हा दोष. इंटरनेटच्या बोलीत मात्र असा एक शब्द आला, की ज्याने या दोहोंमधील भिंतच काढून टाकली. तो शब्द म्हणजे 'इगोसर्फिंग'. संगणकावरील शोधयंत्रात स्वतःचेच नाव घालायचे आणि जगात आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे ते पाहायचे, असा त्याचा अर्थ. थट्टेत जन्मलेल्या या शब्दामागची कृती पुढे थेट न्यायासनापर्यंत पोहोचली. तिची ही वाटचाल समजून घेण्याजोगी आहे.

शब्दाचे दोन्ही घटक आधी पाहू. 'सर्फिंग' म्हणजे फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत जाण्याचा खेळ. इंटरनेटवरील भ्रमंतीला हे रूपक रूढ केले ते जीन आर्मर पॉली या अमेरिकन ग्रंथपाल महिलेने, १९९२ साली लिहिलेल्या एका लेखाच्या शीर्षकातून. 'इगो' हा तर लॅटिन भाषेतील साधा 'मी'. फ्रॉइडने आपल्या विवेचनात 'मी' या अर्थाचा रोजच्या वापरातील जर्मन शब्द योजला होता. इंग्रजी अनुवादकांनी त्याला लॅटिन पोशाख चढवला. बोलता बोलता लोकांच्या तोंडी त्या 'इगो'चा अहंकार झाला. शॉन कार्टन यांनी १९९५ साली हे दोन शब्द जोडले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात 'वायर्ड' या अमेरिकन मासिकातील गॅरेथ ब्रॅनविन यांच्या नवशब्दांच्या सदरात 'इगोसर्फिंग' प्रथम छापला गेला. टोमणा त्या नावातच होता.

आपले नाव छापलेले पाहण्याची ओढ अर्थातच संगणकापेक्षा जुनी आहे. पॅरिसमध्ये १८७९ साली वृत्तपत्रांतील कात्रणे पुरवणारी 'आर्गुस द ला प्रेस' ही संस्था सुरू झाली. पुढच्या दशकात हेन्री रोमाइके यांनी हाच व्यवसाय लंडन आणि न्यूयॉर्क येथे नावारूपाला आणला. नट, चित्रकार, लेखक, राजकारणी पैसे भरून ग्राहक होत. संस्थेचे कर्मचारी रोजची वृत्तपत्रे चाळून त्यांची नावे हुडकीत आणि कात्रणे टपालाने घरी येत. परंतु ही चैन ज्यांचे नाव मुळात छापले जात होते त्यांचीच होती. सामान्य माणसाचे नाव कात्रीखाली येण्याचा संभव फारच थोडा.

हे चित्र पालटले ते यंत्राच्या एका विशिष्ट कार्यपद्धतीमुळे. १९९४ साली सुरू झालेली 'याहू' ही माणसांनी विषयवार लावलेली सूची होती. तीत खेळ, शास्त्र, व्यापार असे कप्पे असत. एखाद्या कारकुनाच्या किंवा शिक्षिकेच्या नावाचा कप्पा नसे. डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' हे शोधयंत्र लोकांसाठी खुले झाले. असे यंत्र आपण होऊन पानामागून पान वाचत जाते आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला आहे याची नोंद करते. यंत्राच्या लेखी 'पृथ्वी', 'पाव' आणि आपले आडनाव हे सारखेच शब्द. त्यामुळे कोणी तसे ठरवले नसतानाही जगातील प्रत्येक नाव सूचीतील एक नोंद होऊन बसले. त्याच वर्षी 'डेजा न्यूज'ने यूजनेटवरील चर्चा साठवून शोधण्याजोग्या केल्या. दोन दिवसांत विरून जाईल अशा समजुतीने लिहिलेला मजकूर लेखकाच्या नावासह टिकून राहू लागला. सप्टेंबर १९९८ मध्ये गुगल कंपनीची स्थापना झाली, आणि २००६ साली ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाने 'गुगल'ला क्रियापद म्हणून स्थान दिले.

आपल्याकडील वाचकाला या शोधात आणखी एक गंमत आढळते. देवनागरीत 'डिसोजा' सहसा जोडूनच लिहिला जातो. रोमन लिपीत मात्र कोणी तो जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी मध्ये स्वल्पविरामासारखे चिन्ह देतो. वसई, गोवा, मंगळूर या पट्ट्यात तर तेच नाव आणि तेच आडनाव असलेली माणसे गावोगाव भेटतात. स्वतःला शोधू जावे तर समोर नामबंधूंची रांग उभी राहते. कोणाचे पारितोषिक आणि कोणाची फौजदारी आपल्या नावावर जमा होईल, याचा नेम नाही.

म्हणूनच या कृतीला केवळ हौस म्हणणे हळूहळू अवघड झाले. अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार, २००२ साली तेथील इंटरनेट वापरणाऱ्या प्रौढांपैकी २२ टक्के लोकांनी स्वतःचे नाव शोधून पाहिले होते. २००७ च्या अहवालात हे प्रमाण ४७ टक्के झाले आणि २०१० च्या अहवालात ५७ टक्के. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, सोयरीक जुळवणारा, असा कोणीही जे पाहणार ते आपण आधी पाहून ठेवावे, ही दक्षता त्यामागे होती. तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर आपले नाव नीट लागले आहे ना, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला कोणी अहंकारी म्हणत नाही. फरक एवढाच, की सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज तरी करता येतो. इंटरनेटवर तो कोठे करायचा?

या प्रश्नाला युरोपात उत्तर मिळाले ते स्पेनमधील एका गृहस्थांमुळे. सामाजिक सुरक्षेची देणी थकल्यामुळे त्यांच्या मालमत्तेचा लिलाव होणार असल्याच्या दोन छोट्या सूचना १९९८ साली बार्सिलोनाच्या 'ला व्हँग्वार्दिया' या दैनिकात आल्या होत्या. ते प्रकरण मिटले. पुढे दैनिकाचे जुने अंक इंटरनेटवर आले, आणि बारा वर्षांनंतरही या गृहस्थांचे नाव शोधले की त्याच सूचना समोर येत. २०१० साली त्यांनी तक्रार केली. १३ मे २०१४ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला. माणसाच्या नावाने शोध घेतला असता विखुरलेले तपशील एकत्र येऊन त्याचे संपूर्ण चित्र उभे राहते, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. आणि कालबाह्य अथवा गैरलागू झालेली माहिती त्या नावाच्या शोधफलातून काढण्याची जबाबदारी शोधयंत्रावर टाकली. मूळ वृत्तपत्राचे पान मात्र जागेवर राहिले. गुगलने अर्ज स्वीकारण्यास आरंभ करताच पहिल्या दिवसात सुमारे १२ हजार अर्ज आले. दैवदुर्विलास असा, की विस्मरण मागणाऱ्या या गृहस्थांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचे कोरले गेले. येथे ते मुद्दामच दिलेले नाही.

या निर्णयावर आक्षेपही आले, आणि ते वजनदार आहेत. सत्ताधीशांनी व धनिकांनी आपली कृत्ये पुसून घ्यायची ठरवली, तर इतिहास लिहायचा कशाच्या आधारे? न्यायालयाने सार्वजनिक जीवनातील व्यक्तींबाबत लोकांच्या माहितीच्या हक्काला महत्त्व दिले, ते यासाठीच. २०१९ साली त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की युरोपीय कायद्यानुसार हे दुवे जगभर काढण्याचे बंधन शोधयंत्रावर नाही. भारतात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद झाली.

१९९५ साली हा शब्द योजणाऱ्याने हसत हसत मीपणावर बोट ठेवले, आणि तो मीपणा माणसांत नाही असे कोण म्हणेल? परंतु बहुसंख्य माणसे त्या चौकटीत आपले नाव लिहितात ती कौतुक ऐकण्यासाठी नव्हे. आपले नाव आपल्या पश्चात कोठे, कोणाच्या पंक्तीला बसले आहे, हे त्यांना पाहायचे असते. शब्दाच्या पोटात दडलेला तो जुना, साधा लॅटिन 'मी' त्यांच्याच बाजूचा आहे.