कोरेगांवच्या तोफा आणि ‘टप्पा’ हा शब्द

जुन्या कागदांत अमकी फौज तोफेच्या टप्प्यांत आली, अशा अर्थाचा मजकूर वारंवार आढळतो. वाचणारा त्यावरून एक ठराविक अंतर मनांत धरतो आणि नकाशावर वर्तुळ काढून मोकळा होतो. ही रीत निर्दोष नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि तें दाखविण्यास शिरूर तालुक्यांतील कोरेगांव भीमा हें स्थळ सोयीचें आहे.

ता. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणींतून निघाला. सुमारें ५०० पायदळ, ३०० स्वार व मद्रास तोफखान्याच्या सहा पौंडी दोन तोफा त्याजबरोबर होत्या. १ जानेवारी १८१८ रोजीं पेशव्यांची फौज दृष्टीस पडतांच त्यानें कोरेगांवाचा आश्रय केला. त्या दिवशींच्या झुंजींत एक तोफ हातची गेली व पुन्हां मिळाली. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम पडला.

आतां गोळ्याची गति पाहूं. लीलावतीच्या अभ्यासकांस भुज, कोटि व कर्ण परिचित आहेतच. तोफेच्या तोंडचा वेग हा कर्ण मानावा; त्याचा आडवा अंश भुज, उभा अंश कोटि. हवेचा विरोध क्षणभर बाजूस ठेविला, तर भुज अखेरपर्यंत कायम राहतो, आणि कोटि दर सेकंदास ३२ फुटांनीं घटते. एकाचा दुसऱ्यास अडथळा नाहीं. म्हणून गोळ्याचा मार्ग अन्वस्त होतो. हें गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत दाखविलें. भास्कराचार्यांची आम्ही केवळ परिभाषा घेतों, श्रेय नव्हे.

वेग सेकंदास १५०० फूट व तोफेचें तोंड जमिनीपासून साडेतीन फूट उंच धरूं. नळी अगदीं आडवी असतां गोळा अर्ध्या सेकंदाच्या आंत, सुमारें २३० यार्डांवर, भूमीस लागतो. नळी एकच अंश उचलिली, तर तो तोंडाच्या पातळीवर परत येईपर्यंत ८०० यार्ड जातो. ४५ अंशांवर हाच हिशेब १३ मैल सांगतो! तेथें मात्र गणित फसतें. कारण वेगवान् गोळ्यास होणारा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो, हें रॉबिन्सनें १७४२ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें.

तेव्हां टप्पा कोणता? मराठींत टप्पा म्हणजे उसळी, तसाच पल्लाही. गोळा प्रथम जेथें भूमीस लागतो तें स्थळ, आणि उसळ्या घेत तो जेथें थांबतो तें स्थळ, यांत पुष्कळ अंतर पडतें. एका अंशानें शेंकडों यार्डांचा फरक होतो. दरड उंच असेल वा जमीन मऊ असेल तर आणखी निराळा. पेशव्यांकडील बाणांस तर हा हिशेब मुळींच लागू नाहीं. कारण बाणाचें जळणें उड्डाणांतही चालू असतें व वेग वाटेंत बदलतो.

यास्तव केवळ ‘टप्पा’ या शब्दावरून मोर्च्याची जागा ठरवूं नये. शिरूर व दौंड तालुक्यांत भीमेच्या कांठीं ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें असतील, त्यांनीं तोफेचा उल्लेख उतरून घेतांना गोळ्याचें वजन, तोफेची जागा व मधील भूमीचा उतार हींही टिपावीं. तेवढें मिळालें, तर कागद खरा कीं वर्णन फुगविलेलें, याचा निवाडा पुष्कळ अंशीं गणितच करील.