कुळाबाहेरची मावशी

धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ साली आपले आयुष्य लिहून काढले तेव्हा पुस्तकाला नाव दिले 'आत्मवृत्त'. त्यांच्या मेहुणीने, पार्वतीबाई आठवले यांनी, १९२८ साली स्वतःविषयी लिहिले. त्या पुस्तकाचे नाव 'माझी कहाणी'. आणि त्यांच्या पत्नीचे, आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे, आत्मकथन १९४४ साली प्रसिद्ध झाले ते 'माझे पुराण' या नावाने. एकाच घरातली ही तीन पुस्तके. पुरुषाच्या पुस्तकाचे नाव संस्कृत, घट्ट आणि आत्मभान असलेले. दोघी बहिणींनी मात्र देवळातून आणि देवघरातून शब्द उचलले. रमाबाई रानड्यांनीही १९१० साली 'आठवणी'च म्हटले होते आणि लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'. आपल्या आयुष्याला 'चरित्र' म्हणण्याचा धीर या पिढीतल्या बायकांना झाला नाही, असे एक स्पष्टीकरण वर्गात नेहमी दिले जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. 'पुराण लावणे' या वाक्प्रचारात जी मिस्कील छटा आहे ती बायांना ठाऊक नसेल, असे त्यांची भाषा वाचणारा कोणीही म्हणणार नाही. 'कहाणी' हा शब्द तर त्याहून बोलका आहे. श्रावणात हातात अक्षता धरून ज्या कहाण्या ऐकल्या जातात, त्यांतल्या कितीतरी सौभाग्यासाठी केलेल्या व्रतांच्या असतात. विसाव्या वर्षी विधवा झालेली बाई स्वतःच्या आयुष्याला कहाणी म्हणते, तेव्हा त्या शब्दाचे आसनच ती हलवत असते.

पार्वतीबाईंचे आयुष्य आम्ही येथे मावशीचे आयुष्य म्हणून पाहणार आहोत. कर्वे घराण्याच्या इतिहासात त्यांची जागा ती आहे, आणि ही जागा मोठी अडचणीची आहे.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापण्याची एक भक्कम परंपरा आहे. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, अशी वंशावळ उतरत जाते. पत्नीची नोंद तिच्या माहेरच्या नावासह एखाद्या ओळीत होते. मुलींची नोंद त्या ज्या घरी दिल्या त्या घराच्या नावाने होते, आणि तेथे त्यांची रेघ संपते. या रचनेत आत्या निदान लेक म्हणून दिसते. काकू सून म्हणून दिसते. मावशीला मात्र जागाच नाही. ती आईची बहीण. आईच जेथे एका ओळीची, तेथे तिच्या बहिणीचे काय? पार्वतीबाई देवरुखच्या जोशांची लेक आणि आठवल्यांची विधवा सून. कर्व्यांच्या घरात त्यांचे आयुष्य गेले, पण कर्व्यांच्या वंशावळीत त्यांना शिरायला दार नाही. बोलीने मात्र ही उणीव केव्हाच भरून काढली आहे. 'माय मरो पण मावशी जगो' असे आपण म्हणतो. पण या म्हणीतही मावशीची थोरवी आईच्या अभावात आहे. स्वतःच्या बळावर ती कोणीच नाही.

देवरुखच्या या घरात वैधव्य एकदाच आले नाही. थोरली गोदू आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाली. पुढे कित्येक वर्षे सासरी राबल्यावर भाऊ नरहरपंत जोशी यांनी तिला मुंबईला आणले आणि १८८९ साली ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. नरहरपंत आणि धोंडोपंत कर्वे मुंबईत एकत्र राहत असत. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. १८९३ च्या मार्चमध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. हा सारा भाग शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे.

धाकटीचा भाग कमी ठाऊक आहे. तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले, संसार झाला, मुले झाली, त्यांतला एक मुलगा वाचला. विसाव्या वर्षी पती गेला. केशवपन झाले. ती लेकराला घेऊन माहेरी परतली. पुढे थोरल्या बहिणीकडे पुण्यास आली ती मुलाच्या शिक्षणासाठी आणि, हळूहळू स्वतःला कळत गेले तसे, स्वतःच्याही शिक्षणासाठी. बायांना पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. पार्वतीबाई त्यांच्या मावशी झाल्या. बाया पार्वतीबाईंच्या मुलाची मावशी होत्याच. दोघी एकमेकींच्या मुलांच्या मावश्या. एक कुंकू लावणारी आणि एक आलवणातली.

१८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, एका झोपडीत हलला. विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करायचे, हा त्याचा हेतू. येथे एक पेच होता आणि तो या घराच्या इतिहासाचा गाभा आहे, असे आम्हांला वाटते. आपल्या विधवा मुलींना आश्रमात धाडणाऱ्या पालकांच्या मनात एकच धास्ती असे : तेथे गेल्यावर तिचा पुनर्विवाह तर लावून देणार नाहीत ना? ती धास्ती दूर ठेवायची, तर आश्रमाने पुनर्विवाहाशी संबंध नसल्याचे दाखवणे भाग होते. ज्या गृहस्थाने स्वतः विधवेशी लग्न केले त्यानेच काढलेल्या विधवाश्रमात त्याच्या पत्नीचा वावर त्यामुळे गैरसोयीचा ठरला. शारदा सदनात शिकलेल्या, सुइणीचे शिक्षण घेतलेल्या, उमेदीच्या बाया बाहेर राहिल्या. नवऱ्याची मिळकत, पुढे त्याच्या आयुर्विम्याची रक्कमही, संस्थेकडे जात होती. संस्थेत मान मात्र त्यांना नव्हता. ही खंत त्यांनी 'पुराणा'त झाकून ठेवलेली नाही.

आणि पार्वतीबाई आत गेल्या. त्यांना आत जाता आले ते त्यांचे डोके भादरलेले होते म्हणून. हे वाक्य लिहायला कठोर वाटते, पण त्याला पर्याय नाही. ज्या रूढीने त्यांचे केस घेतले, त्याच रूढीने त्यांच्या हाती संस्थेची किल्ली दिली. त्या आश्रमात कामाला लागल्या, मुलींची देखरेख करू लागल्या, आणि मग वर्गणी मागण्यासाठी गावोगाव हिंडू लागल्या. व्याख्याने देऊ लागल्या. एखाद्या सनातनी घराच्या ओटीवर सुधारक प्रोफेसर उभा राहिला असता तर त्याला वाद घालावा लागला असता. लाल आलवणातली, मस्तकावर पदर ओढलेली बाई उभी राहिली तर वाद कोणी घालायचा? घरातली आजी, आत्या, विधवा सून, सगळ्या तिच्याच वेषात आत वावरत असत. तिने पुढे केलेल्या झोळीत पैसे टाकताना यजमान आपल्याच घरातल्या कोणाला तरी देत होता.

म्हणूनच वपन थांबवण्याचा त्यांचा निर्णय साधा नव्हता. वैधव्यानंतर सुमारे दोन दशकांनी, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी केस वाढू दिले. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीतली यमू आपण सारेच शिकतो आणि शिकवतो. केशवपनाचा विषय निघाला की मराठीच्या वर्गात यमूचे नाव निघते. यमू सक्तीला बळी पडते आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते. पार्वतीबाईंच्या बाबतीत सक्ती करणारे केव्हाच मागे पडले होते. मेहुणा सुधारक होता, बहीण पुनर्विवाहित होती, घरात कोणी अडवणारे नव्हते. तरी इतकी वर्षे लागली, कारण आता त्या वेषावर एक संस्था उभी होती. अशा परिस्थितीला कादंबरीत जागा मिळाली नाही. तिच्यात रडवण्यासारखे फारसे नाही.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस निघाल्या. हेतू दोन : इंग्रजी शिकणे आणि संस्थेसाठी मदत मिळवणे. इंग्रजी शिकण्याचे त्यांचे प्रयत्न हिंदुस्थानात वारंवार फसले होते. संस्थेच्या कामातून वेळ मिळत नसे, आणि भाषाही वश होत नसे. मराठी बायकांच्या अमेरिकेच्या प्रवासाचा इतिहास सांगताना आपण आनंदीबाई जोशी (१८८३) आणि पंडिता रमाबाई (१८८६) यांच्यापाशी थांबतो. एक डॉक्टर होऊन आली. दुसरीने तेथे व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून विधवांच्या शाळेसाठी साहाय्यमंडळ उभे केले. पार्वतीबाईंजवळ ना पदवीची शक्यता होती ना वक्तृत्वाला लागणारी भाषा. त्या परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. भांडी घासली, झाडलोट केली, आणि कानावर पडेल ते इंग्रजी उचलले. १९२० साली परत आल्या.

या दोन वर्षांविषयी लिहिताना त्यांच्या सुरात कीव नाही आणि मिरवणेही नाही. घरकाम त्यांना अपरिचित नव्हते. विधवा झाल्यावर हिंदू घरात बाईला जे करावे लागते तेच अमेरिकेत त्या पोटासाठी करत होत्या, फरक इतकाच की येथे त्याबद्दल काही मिळत होते. हे आमचे भाष्य आहे, त्यांचे नव्हे. त्या इतके तिरकस बोलत नाहीत.

येथवर ही मावशी आपल्याला आवडते. यापुढे अडचण सुरू होते. अमेरिका पाहून आलेल्या, स्वतःच्या कमाईवर जगलेल्या, हजारो मैल एकट्याने हिंडलेल्या या बाईचे मत असे की संसार हेच बहुतेक स्त्रियांचे खरे क्षेत्र, आणि स्त्री-पुरुषांच्या बरोबरीची चढाओढ हा चुकीचा रस्ता. पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी स्वीकारला नाही. पतिनिष्ठेची कल्पना त्यांना मनापासून पटलेली होती. सख्ख्या बहिणीच्या पुनर्विवाहाने उभ्या राहिलेल्या घरात राहून त्यांनी हे मत बाळगले. 'कहाणी'तील हा विचारांचा भाग वाचताना आजच्या विद्यार्थ्यांची नाके मुरडतात. काही अभ्यासक तो भाग त्या काळाची मर्यादा म्हणून बाजूला सारतात.

पण 'त्या काळाची मर्यादा' म्हणावे, तर त्या काळात याच घरात काय चालले होते? राधाबाईंचे पुत्र रघुनाथराव, म्हणजे नात्याने पार्वतीबाईंचे भाचेच, संततिनियमनाचा पुरस्कार करत होते आणि १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. 'माझी कहाणी' त्याच्या पुढच्याच वर्षी आली. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्रातील डॉक्टरेटसाठी त्याच सुमारास बर्लिनला गेल्या. म्हणजे काळ एकच होता, घरही एक होते आणि त्यात इतके परस्परविरोधी विचार एकत्र नांदत होते. पार्वतीबाईंची मते त्यांना दुसरे काही ऐकायला मिळाले नाही म्हणून झालेली नाहीत. त्यांनी सर्व ऐकले आणि मान हलवली नाही. आम्ही त्या मतांशी सहमत नाही. परंतु ती त्यांची होती, कष्टाने कमावलेली होती, आणि ती वगळून जी पार्वतीबाई उरते ती आपल्या सोयीची मावशी आहे.

मृत माणसांच्या बाबतीत घरे हेच करतात. प्रत्येक घरात अशी एखादी मावशी किंवा आत्या असते, जिच्याविषयी दोनच वाक्ये उरलेली असतात : फार सोसले बिचारीने, आणि हाताला चव होती. तिचे भांडखोर मत, तिचा हेका, तिने कोणाकडचे पाणी पिणे सोडले होते, हे सांगणारे म्हातारे गेले की ते सारे जाते. पार्वतीबाईंनी लिहून ठेवले म्हणून त्यांचा हेका तरी शिल्लक आहे.

बायांच्या 'पुराणा'ची गोष्ट याला जोडूनच सांगायला हवी. ते पुस्तक सिद्ध झाले ते त्यांची सून कावेरी कर्वे यांच्या संपादनातून. सासूच्या आठवणी सुनेच्या हातून पुस्तकरूप घेतात, ही मराठी आत्मकथनाच्या इतिहासातली दुर्मीळ घटना. घराचा इतिहास येथे बापाकडून मुलाकडे न जाता बाईकडून बाईकडे गेला, आणि त्यामुळेच त्यात वंशावळीत न बसणाऱ्या गोष्टी आल्या : आश्रमाच्या बाहेर राहिल्याचा सल, नवऱ्याच्या त्यागाचा घरखर्चावर पडलेला ताण, बहिणीला लाभलेले आणि आपल्याला नाकारलेले काम. अण्णांचे 'आत्मवृत्त' वाचून आश्रम कळतो. आश्रमाच्या फाटकाच्या आत आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन बहिणी कळण्यासाठी 'कहाणी' आणि 'पुराण' शेजारी ठेवून वाचावी लागतात. आमच्या माहितीच्या अभ्यासक्रमांत यांपैकी एखादे पुस्तक असते, दोन्ही एकत्र नसतात.

'माझी कहाणी'चे इंग्रजी भाषांतर १९३० साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. मराठी संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेणारे जस्टिन ॲबट हे भाषांतरकार. मूळ नावातले दोन शब्द त्यांनी ठेवले, आणि खाली एक उपशीर्षक जोडले : एका हिंदू विधवेचे आत्मचरित्र. अमेरिकन वाचकासाठी ते आवश्यक असेल. मराठीत पार्वतीबाईंनी मुखपृष्ठावर स्वतःला विधवा म्हणवून घेतले नव्हते. जो शब्द चाळीस वर्षे त्यांच्या वेषावर लिहिलेला होता, तो त्यांनी पुस्तकाच्या नावात येऊ दिला नव्हता.