सायको रमण आणि स्वभावाचं औषध

1968 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या उत्तर उपनगरांतली माणसं रात्री आळीपाळीनं जागत होती. हातात काठ्या, गळ्यात शिट्ट्या. अनोळखी माणूस दिसला की त्याची धडगत नसे. तेव्हा मालाडच्या आसपास अजून शेतं, गोठे आणि ताडाची झाडं होती आणि त्यांच्या अधूनमधून झोपड्या. त्या झोपड्यांत किंवा बाहेर उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात कुणीतरी जड हत्यार घालून जात होतं. चोरी झालीच तर किरकोळ. मारेकरी मांजराचं रूप घेतो, पोपट होऊन उडून जातो, अशा अफवा होत्या.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत, जीआयपीच्या म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या रुळांलगत, असेच 19 जणांवर हल्ले झाले होते. त्यांतले 9 जण दगावले. त्या वेळी पोलिसांनी एका बेघर माणसाला उचललंही होतं. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेला, नाव रमण राघव. पण पुरावा नव्हता, म्हणून सोडावं लागलं.

27 ऑगस्ट 1968 रोजी सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियाल्हो यांनी डोंगरी भागात एका माणसाला हटकलं. त्यानं नाव सांगितलं, सिंधी दळवाई. बोटांचे ठसे मात्र रमण राघवचे निघाले. अंगावर खाकी हाफपँट, बुशशर्ट, त्यावर रक्ताचे डाग. जवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. दोन दिवस रमण काहीही बोलला नाही. मग त्यानं कोंबडी मागितली. कोंबडी खाल्ल्यावर तेल, कंगवा, आरसा मागितला. केस विंचरले, आरशात पाहिलं आणि तो बोलायला लागला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल. श्रीराम राघवननं त्यावर फिल्म केली, 2016 मध्ये अनुराग कश्यपनं त्याचं नाव घेऊन दुसरीच गोष्ट सांगितली. मुंबईत त्याचं नाव झालं 'सायको रमण', आणि हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला की आज एक्स सतत मेसेज करतो म्हणून सायको, बॉस मीटिंगमध्ये ओरडतो म्हणून सायको, वर्गातली मुलगी कुणाशी बोलत नाही म्हणून तीही सायको.

माझा मुद्दा या शब्दापासून सुरू होतो, कारण त्यात दोन वेगळे शब्द एकमेकांत घुसलेत. एक सायकॉटिक, दुसरा सायकोपॅथ. दोन्ही कापून छोटे केले की उरतं तेच, सायको. पण अर्थ फार दूरचे आहेत. सायकॉटिक अवस्थेत माणसाची वास्तवावरची पकड सुटते. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी कट करतंय याची पक्की खात्री असते. हा आजार आहे, तो बहुतेकदा केव्हातरी सुरू होतो, आणि त्यावर औषधं आहेत. सायकोपॅथी हा मात्र व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न. वास्तव लख्ख दिसतं, फक्त दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही.

मग रमण राघव यांतला कोण?

कोर्टात नेमका हाच प्रश्न होता. 1969 मध्ये सत्र न्यायालयात खटला उभा राहिला, तो मालाडकडच्या दोन खुनांसाठी. आरोपी मनोरुग्ण आहे असं बचाव पक्षानं म्हटल्यावर पोलीस सर्जननी त्याला जवळपास महिनाभर निरीक्षणाखाली ठेवलं. निष्कर्ष असा की स्मृती ठीक, बुद्धी सर्वसाधारण, वेडसरपणा नाही. नंतर नायर हॉस्पिटलच्या मनोविकारतज्ज्ञांनी आर्थर रोड तुरुंगात जाऊन त्याला तपासलं आणि उलट साक्ष दिली. त्यांच्या मते हा जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. आपण माणसं मारतोय हे त्याला कळत होतं, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याच्या अवस्थेत तो नव्हता. भारतीय दंडविधानाचं कलम 84 (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22) याच फरकावर उभं आहे. न्यायालयानं ही साक्ष मानली नाही. फाशी झाली. रमणनं अपील करायलाही नकार दिला.

फाशीवर शिक्कामोर्तब करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. ते त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटले. त्यांना जे दिसलं ते असं. त्याच्या लेखी जगं दोन होती, एक 'कानून'चं आणि एक हे आपलं. अकबर सरकार, ब्रिटिश सरकार आणि काँग्रेस सरकार अशी तीन सरकारं त्याचा छळ करत होती. लोक त्याला बाई बनवायच्या मागे होते आणि आपण 101 टक्के पुरुष आहोत हे तो पुन्हापुन्हा बजावत होता. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर त्यानं हात मिळवला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असं त्याचं म्हणणं.

सायकोपॅथ असा नसतो. तो हसून हात मिळवेल आणि तुमच्या मुलांची चौकशी करेल. अमेरिकन डॉक्टर हर्वी क्लेक्ली यांनी 1941 मध्ये अशा माणसांवर जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'द मास्क ऑफ सॅनिटी' आहे, शहाणपणाचा मुखवटा. रमणकडे कसलाही मुखवटा नव्हता. तरी त्याचा आजार बरा होण्यापलीकडचा आहे असं मानून फाशीची जन्मठेप व्हायला 1987 साल उजाडलं. तो येरवड्याला होता, 1995 मध्ये ससूनमध्ये किडनी निकामी होऊन गेला. 'सायको' मात्र मागे राहिला.

आता दुसऱ्या बाजूला वळू, कारण या सगळ्या गोंधळात खरे व्यक्तिमत्त्व विकार बाजूलाच राहतात.

ज्याला भास होत नाहीत, भ्रम नाहीत, पण ज्याचं वागणं त्याला आणि इतरांना जगू देत नाही, अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांना दोनशे वर्षं छळतोय. पॅरिसमध्ये फिलीप पिनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रुग्णांची नोंद 'भ्रमाविना वेड' अशी केली. 1835 मध्ये इंग्लंडच्या प्रिचर्ड यांनी 'नैतिक वेड' म्हटलं, म्हणजे डॉक्टरनं कीर्तनकाराचं काम अंगावर घेतलं. 1923 मध्ये जर्मनीच्या कुर्ट श्नायडर यांनी दहा प्रकार मांडले आणि एक साधी कसोटी दिली: आपल्या स्वभावाच्या टोकामुळे जो स्वतः सोसतो, किंवा ज्याच्यामुळे समाजाला सोसावं लागतं, तो. या व्याख्येतला पहिला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच आपण विसरतो.

अमेरिकेच्या डीएसएम या मॅन्युअलमध्ये आजही दहा प्रकार आहेत. सगळ्यांकडे संशयानं पाहणारा, माणसांपासून तुटलेला, स्वतःच्या मोठेपणात बुडालेला, नकाराच्या भीतीनं कुठेच न जाणारा, दुसऱ्याशिवाय पाऊल न टाकणारा, नियम आणि परिपूर्णतेपायी घर वेठीला धरणारा, वगैरे. वाचताना प्रत्येकाला आपला एखादा नातेवाईक आठवतो. (मलाही आठवले, तीन.) पण नुसता तऱ्हेवाईकपणा म्हणजे विकार नव्हे. तो वळसा किशोरवयाच्या किंवा तरुणपणाच्या सुरुवातीला पडलेला हवा, घर, ऑफिस, प्रेम, मैत्री सगळीकडे तसाच दिसायला हवा, परिस्थिती बदलली तरी न वाकणारा हवा, आणि त्यानं आयुष्याची खरीच पडझड व्हायला हवी. रीलवर पाच लक्षणं ऐकून एक्सला 'नार्सिसिस्ट' ठरवता येत नाही. एक्स नुसता वाईट वागलेला असू शकतो.

उपचारांसाठी जे लोक येतात त्यांच्यात एक प्रकार पुन्हापुन्हा दिसतो, बॉर्डरलाइन. समजा, मुलुंडची एक तेवीस वर्षांची मुलगी. मित्रानं दोन तास रिप्लाय दिला नाही की तिच्या पोटात खड्डा पडतो. सकाळी जो देव होता तो संध्याकाळी नालायक. चाळीस मेसेज, मग ब्लॉक, मग रात्री अडीचला माफी. मधल्या वेळात रिकामेपण इतकं की आपण कोण आहोत हेच हातात येत नाही. राग आला की तो स्वतःच्याच अंगावर निघतो. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं, रडायला जागा म्हणजे बाथरूम. घरचे म्हणतात, नाटकं. 'सायको' हा शब्द तिलाही लागतो, पण धोका जगाला नसतो, तिला स्वतःलाच असतो. स्वतःला इजा करणं आणि आत्महत्येचे प्रयत्न या विकारात खूप आढळतात.

असं का होतं? एक कारण कधीच नसतं. काही मुलं जन्मतःच हळव्या कातडीची असतात, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. त्यात बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा दुर्लक्ष आलं, किंवा नुसतं रोज ऐकवलं गेलं की 'एवढं रडण्यासारखं काय झालं?', तर आपल्याला जे वाटतं ते खरं की खोटं हेच त्या मुलाला कळेनासं होतं. म्हणून आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही. हळव्या मुलाला सांभाळायला जो निवांतपणा लागतो, तो 6.52 ची फास्ट पकडणाऱ्या घरात कुठून आणायचा?

नावाबद्दल एक गंमत. 1938 मध्ये अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकानं हा शब्द वापरला तो न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरचे रुग्ण या अर्थानं. ती सीमा आता कुणी मानत नाही, नाव मात्र चिकटून बसलंय.

आणि सीमा किती चुकीच्या आखल्या जातात याचं उदाहरण रमणच्याच दशकातलं आहे. 1961 मध्ये अमेरिकेत सतरा वर्षांची एक मुलगी मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला भयंकर इजा करून घ्यायची. निदान झालं स्किझोफ्रेनिया. जड औषधं, विजेचे झटके, एकांत खोली. दोन वर्षांहून अधिक काळ. तिचं नाव मार्शा लिनेहान. पुढे ती मानसशास्त्रज्ञ झाली आणि 2011 मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं की ती रुग्ण मीच होते, आणि तिच्या मते ते दुखणं बॉर्डरलाइनचं होतं. मुंबईत स्किझोफ्रेनिया असलेला माणूस शहाणा ठरला, तिकडे स्किझोफ्रेनिया नसलेली मुलगी वेडी ठरली.

लिनेहाननं तयार केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी, आज या विकारावरचा सर्वांत जास्त तपासलेला उपचार आहे. तिची पहिली मोठी चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण वर्षभर दर आठवड्याला एकट्याचं सत्र आणि एक गट-वर्ग. वर्गात शिकवायचं काय, तर भावनेची लाट आली की वाहून न जाता ती ओळखणं, कठीण पंधरा मिनिटं काही न करता काढणं, नातं न तोडता 'नाही' म्हणणं. लक्ष एकवटण्याचा भाग तिनं झेनमधून घेतला. बोरिवलीहून बोटीनं गोराईच्या पॅगोड्याला जाणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. पण दहा दिवसांचं मौन आणि ही थेरपी एक नव्हे, आणि मन फार अस्थिर असताना शिबिराला जाण्याआधी डॉक्टरशी बोलावं हे बरं.

फक्त बॉर्डरलाइनसाठी म्हणून मान्यता असलेली गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा झोपेचा त्रास असेल तर त्याची औषधं देतात. आपल्याकडे 'स्वभावाला औषध नाही' म्हणतात ते गोळीपुरतं बरोबरच आहे. पण बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांत बहुतेकांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली उतरलेली दिसली. नोकरी आणि नाती सावरायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. समाजविघातक विकाराची गोष्ट इतकी आशादायक नाही. तो माणूस मुळात स्वतःहून उपचाराला येतच नाही, आणला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 पासून लागू केलेल्या आयसीडी-11 मध्ये तर प्रकारांची जुनी यादीच काढून टाकलीय. आता पाहायचं ते विकार सौम्य, मध्यम की तीव्र, आणि स्वभावाचा कल कुठे आहे. बॉर्डरलाइनची तेवढी एक जादाची खूण ठेवलीय.

इथे, आपल्या लोकलच्या टप्प्यात काय आहे? मुंबईत सर्वसाधारण रुग्णालयातली मनोविकार ओपीडी जे.जे.मध्ये डॉ. के. के. मसानी यांनी 1938 मध्येच सुरू केली. मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनाला, ठाण्याला, 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएचही. केईएम, नायर, सायन, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर काढून मनोविकारतज्ज्ञाला भेटता येतं. पण तिथल्या गर्दीत आठवड्याला तासभर, वर्षभर, एकाच माणसाला मिळणं अवघड. खासगी थेरपिस्ट मिळतो, तर एका सत्राच्या फीमध्ये महिन्याचा रेल्वे पास निघतो. ऑनलाइन सत्र स्वस्त पडतं, पण त्यासाठी बंद होणारं दार लागतं. मग ही पोरं सोसायटीच्या गच्चीवर, जिन्यात, पार्क केलेल्या रिक्षात बसून, इअरफोन लावून हळू आवाजात बोलतात. अडीच वाजताच्या रात्रीसाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं.