वाफेच्या नळीत बर्फ

वाफ १०० अंशांची. मग तिच्या नळीत बर्फ कसा होईल? तरीही थंड प्रदेशातल्या शाळा-इस्पितळांत अशा नळ्या फुटत आल्या आहेत, आणि ऐन हिवाळ्यात खोल्या गार पडल्या आहेत. यामागे एका चांगल्या शोधाचा हात आहे.

१८७७ मध्ये बर्डसिल हॉलीने न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टमध्ये एका बॉयलरमधून अनेक घरांना वाफ पुरवली. तेव्हा उष्णता कमी-जास्त करणं हे माणसाचं काम होतं. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या कॉलेजात शिपाई वर्गावर्गात तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन झडपा हलवायचा. या व्यत्ययाला वैतागलेल्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकांनी १८८३ मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. पुढे झडप हवी तेवढीच उघडणारी स्वयंचलित नियंत्रणं आली.

गोम इथेच आहे. मोठ्या इमारतीत पंखा बाहेरची हवा ओढतो आणि वाफेच्या कॉइलवरून आत सोडतो. बाहेरचं तापमान शून्याच्या जरासंच खाली असेल, तर थोडी वाफ पुरते आणि झडप जवळजवळ मिटते. वाफेचं पाणी झालं की आकारमान सुमारे १,६०० पटींनी घटतं. नळीत निर्वात तयार होतो आणि तो पाण्याला खाली उतरू देत नाही. वाफ नळीच्या सुरुवातीलाच संपते. पुढे नुसतं साचलेलं पाणी, त्यावर गार वारा. कडाक्याच्या थंडीत झडप सताड उघडी असते, तेव्हा हा धोका उलट कमी! सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जास्तीत जास्त भाराची चाचणी घेतो. इथे घात कमी भाराने केला.

म्हणून उपाय मुख्यतः पाणी बाहेर काढण्याचे आहेत. नळीत दुसरी, भोकं असलेली नळी घालतात, म्हणजे वाफ पूर्ण लांबीभर सारखी पोचते. कॉइलला उतार देतात. निर्वात मोडायला हवा आत घेणारी छोटी झडप बसवतात. पाणी सोडणारा स्टीम ट्रॅप कॉइलच्या बराच खाली ठेवतात, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनानेच उतरतं.

सगळ्यात पटणारा उपाय मात्र वेगळा आहे. हवा गोठणबिंदूजवळ आली की वाफ पूर्ण सोडायची. तापमान सांभाळायचं ते कॉइलच्या तोंडावरच्या पट्ट्यांनी: थोडी हवा कॉइलमधून, थोडी बाजूने. थर्मोस्टॅट राहिला, फक्त त्याच्या हातून वाफ काढून घेतली आणि हवा दिली.