सूरचं गलबत, नाशिकचं शरणपूर

मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने सूरला पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. तिथे 'फतह अल-खैर' नावाचं मोठं लाकडी गलबत जमिनीवर उभं करून ठेवलंय. 1951 मध्ये सूरमध्येच बांधलेलं. पुढे ते येमेनला गेलं, आणि 1993 मध्ये सूरकरांनी पैसे जमवून ते परत आणलं. अशीच गलबतं पिढ्यान् पिढ्या मोसमी वाऱ्यांवर सूर, मुंबई आणि झांजिबार अशी फिरत होती. सागवान, तांदूळ, खजूर. आणि 19व्या शतकात माणसंसुद्धा.

पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, त्यात कितीतरी लहान मुलं, सूरच्या बंदरात उतरायची. मस्कतच्या सुलतानाने 1873 मध्ये ब्रिटिशांशी करार करून या व्यापारावर बंदी घातली, तरी सूरमध्ये तो लपूनछपून चालूच राहिला. काही नाखवे गलबतावर फ्रेंच झेंडा लावायचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाला झडती घेणं अवघड. तो झेंड्याचा वाद 1905 मध्ये थेट हेगच्या लवादासमोर गेला.

आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिशनऱ्यांबद्दल बोलताना एक प्रश्न अर्धवट राहिला होता. आयुष्यभर सेवा केली आणि डोळ्यांना काहीच फळ दिसलं नाही, तर ती सेवा वाया गेली का? सूरला तो पुन्हा आठवला, कारण त्याची दोन उत्तरं याच समुद्राच्या दोन काठांवर आहेत.

पहिला काठ मस्कतचा. थॉमस वाल्पी फ्रेंच हे लाहोरचे पहिले बिशप. ते पद सोडून 1891 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 66व्या वर्षी, ते मस्कतला आले. हाताशी ना मोठी संस्था, ना मनुष्यबळ. अरबी येत होती, तेवढ्यावर लोकांशी बोलायचं, वाचून दाखवायचं. तीन महिन्यांत उन्हाने ते खचले आणि 14 मे रोजी वारले. हिशेबाच्या वहीत मांडायला काहीच नाही. पाच वर्षांनी, 1896 मध्ये, गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली 18 मुलं अमेरिकन मिशनरी पीटर झ्वेमर यांच्या हवाली झाली. मस्कतमध्ये त्यांच्यासाठी शाळा निघाली. 1898 मध्ये झ्वेमरही तरुणपणीच गेले.

दुसरा काठ आपला, नाशिकचा. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ नाशिकला असेल, तर शरणपूर रोडवरून शंभरदा गेला असाल. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. ब्रिटिश नौदलाने समुद्रात सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची आणि त्यातली बरीच इथे यायची. कुठलं मूल कुठल्या गलबतावरचं, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. पण समुद्र तोच आणि व्यापारही तोच. शरणपूरला मुलं लिहायला-वाचायला शिकायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची.

पण मुलं नाशिकला राहिली नाहीत. काही जण 1860 च्या दशकातच मोम्बासाजवळच्या राबाईला गेले. काही डेव्हिड लिव्हिंगस्टनसोबत आफ्रिकेच्या आत शिरले. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरलं गेलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. मग त्याच्या माणसांनी मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकबही होता. त्यानंतर प्राइस स्वतः मोम्बासाला गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन उभं राहिलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, अनुभव बराचसा नाशिकचा. 1885 मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघा नाशिककरांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली.

आता वही उघडा. नाशिकच्या पानावर काय दिसेल? मुलं निघून गेली, आफ्रिकन आश्रम बंद पडला. जमेची नोंद भलत्याच पानावर, समुद्रापलीकडे.

एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, वाढवणारा देव, असं पौल करिंथकरांना लिहितो. आपल्याला लगेच गीता आठवते, पण फरक आहे. गीतेत फळाची आसक्ती सोडायची. इथे फळाची आस ठेवायची आणि ते कुणाच्या तरी हाती सोपवायचं. फ्रेंच यांच्यासारखा माणस मस्कतच्या उन्हात कशाच्या बळावर टिकला, हे त्याशिवाय समजत नाही.

तरी इतिहासकार म्हणून मला इथे थोडं अडखळायला होतं. 'फळ देवावर' हे म्हणणं सोयीचंही असू शकतं. ही मुलं प्राइस, फॅरर, आयझेनबर्ग अशी मिशनऱ्यांची नावं घेऊन वाढली. लिव्हिंगस्टनच्या त्या शेवटच्या प्रवासातल्या मॅथ्यू वेलिंग्टनचं मूळ नाव चेंग्विम्बे होतं. तुला कोण व्हायचंय, हे त्याला कुणी विचारलं असेल? परिणाम देवावर सोपवता येतो. पद्धतीची जबाबदारी नाही. ती आपल्याकडेच राहते.

माझ्या प्रत्येक संशोधन-अर्जात 'अपेक्षित निष्पत्ती' असा एक रकाना असतो. तुम्ही वीकेंडला मराठी शाळेत शिकवत असाल किंवा कुठे स्वयंसेवक असाल, तर तुम्हालाही तो ओळखीचा असेल. मी तो भरतेच. फक्त हल्ली भरताना चेंग्विम्बे आठवतो. तो 1935 पर्यंत जगला, मोम्बासात. त्याला नाशिकला अक्षरं गिरवायला लावणारं तोवर बहुधा कुणीच उरलं नसेल.